कंबरेतलं हाड सरकलेलं नसतं

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बाईची कंबर धरली की कारण सांगायला डॉक्टर लागत नाही. ओतूरला विचारा, घोडेगावला विचारा, डिंभ्याच्या वरच्या अंगाला एखाद्या वाडीवर विचारा, उत्तर एकच मिळतं : हाड सरकलंय. कोणी माकडहाडावर बोट ठेवतं, कोणी खुब्यावर, निदान मात्र तेच. उसण असेल तर पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घ्यायचा, हा बिनखर्चाचा उपाय. त्याने भागलं नाही तर हाड बसवणाऱ्याकडे जायचं. तो पाय मुडपून हिसका देतो, कट्कन आवाज येतो आणि बाई उठून चालू लागते. शहरातल्या दवाखान्यात भाषा बदलते, मत बदलत नाही. तिथे 'सांधा लॉक झालाय', 'एक बाजू वर चढलीय', 'डावा पाय आखूड दिसतोय' असं सांगतात आणि पांढऱ्या कोटातला माणूस तोच हिसका जरा नजाकतीने देतो. म्हणजे या मताचा दोष एकट्या अडाणीपणाच्या माथी मारता येणार नाही. पदवीधर फिजिओथेरपिस्टांनीही ते वर्षानुवर्षं शिकवलं आहे, आणि माझा वाद जास्त करून त्यांच्याशीच आहे.

खंडनाआधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडावा, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. तो असा : पाठीचा कणा जिथे संपतो तिथे त्रिकास्थी नावाचं पाचरीसारखं हाड आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना कटीची मोठी हाडं जोडलेली असतात. हे दोन सांधे म्हणजे सॅक्रोइलिअॅक सांधे, पाठीमागे दोन खळ्या दिसतात त्यांच्या आत. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे इथले बंध सैल होतात. मग वजन उचललं, पाय घसरला, बाळंतपण अवघड गेलं की सांधा जागचा हलतो आणि हलला तसाच अडकून बसतो. पुरावा काय, तर दुखतं नेमकं त्याच खळीत, हाताला एक बाजू वर लागते आणि हिसका देताच आराम पडतो. रोग, कारण आणि उपाय एका ओळीत बसतात.

या पक्षाला मोठे कैवारीही लाभले होते. १९०५ साली बोस्टनच्या गोल्डथ्वेट आणि ऑसगुड या अस्थिशल्यविशारदांनी कंबरदुखीचं मोठं कारण म्हणून याच सांध्यांकडे बोट दाखवलं. पुढची जवळपास तीस वर्षं कंबर दुखो की पायात कळ जावो, पहिला संशय या सांध्यावरच जाई. १९३४ साली मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली जाते हे दाखवलं आणि सगळं वैद्यक तिकडे वळलं. आपल्याकडे 'गादी सरकली' हे निदान आलं ते त्या लाटेतून. तेव्हा आंबेगावची आजी आज जे बोलते ते शंभर वर्षांपूर्वी बोस्टनचे नामवंत डॉक्टर बोलत होते, हे तिला हसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता खंडन. हा सांधा गुडघ्यासारखा किंवा खांद्यासारखा हलायला बनलेलाच नाही. त्याचे पृष्ठभाग खडबडीत आहेत, एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यांत बसतात आणि मागच्या बाजूने शरीरातले अतिशय चिवट बंध त्याला आवळून धरतात. शिवनेरीवरच्या कमानी मशिदीची कमान ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल : वरून भार आला की मधला दगड निसटत नाही, शेजारच्या दगडांत आणखी घट्ट बसतो. त्रिकास्थीचं तसंच आहे. मग हा सांधा हलतो तरी किती? स्वीडनमध्ये स्टुरेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ते मोजलं. रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवले आणि दोन दिशांनी क्ष-किरण चित्रं घेतली. उठता-बसता, वाकता-वळता सांधा सरासरी अडीच अंशांनी फिरला आणि सरकला तो सरासरी ०.७ मिलिमीटर. शिवाय दुखणारी बाजू आणि न दुखणारी बाजू यांत फरक आढळला नाही. जी हालचाल एक मिलिमीटरही भरत नाही ती कातडी, चरबी आणि स्नायूंच्या थरांवरून अंगठ्याने ओळखता येते, असं ज्यांना वाटतं त्यांच्या अंगठ्याबद्दल मला आदर आहे, विश्वास नाही.

खरा निर्णायक पुरावा १९९८ चा. टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्ण घेतले. हाताने तपासून सगळ्यांचा सांधा 'बिघडलेला' ठरला होता. मग प्रशिक्षित माणसाने रीतसर हिसका देऊन तो 'बसवला'. पुन्हा हाताने तपासलं तेव्हा बिघाड गेलेला. पण त्याच धातूच्या मण्यांच्या पद्धतीने हिसक्याआधी आणि नंतर मोजलं तर हाड होतं तिथेच होतं. या प्रयोगाकडे नीट पाहावं. तपासणाऱ्याच्या हाताला जो बदल लागला तो खोटा नव्हता, पण तो हाडात झालेला नव्हता. अमेरिकेत रिडल आणि फ्रेबर्गर यांनी २००२ मध्ये दुसऱ्या बाजूने तपासणी केली. एकाच रुग्णाला दोन फिजिओथेरपिस्टांनी वेगवेगळं तपासलं तर त्यांचं कितपत जुळतं? योगायोगाने जुळावं त्याहून फारसं जास्त नाही. 'डावी बाजू वर' असं मंचरला ऐकलेली बाई दुसऱ्याच आठवड्यात पुण्यात 'उजवी बाजू खाली, पण मागे' असं का ऐकते, ते यावरून कळतं. रिलॅक्सिनचंही तेच. रक्तातलं त्याचं प्रमाण आणि दुखणं यांची सांगड घालायचे प्रयत्न झाले, पण ठाम मेळ बसला नाही. बंध थोडे सैल होतात हे खरं आहे, पण ते प्रत्येक गरोदर बाईचे होतात, आणि दुखतं ते साधारण पाचातल्या एकीला.

यावर हाड बसवणारा आणि त्याचे रुग्ण एकच सवाल टाकतात : मग आम्हाला आराम पडला तो काय खोटा? आराम खरा आहे. हिसक्याने आवळलेले स्नायू काही काळ सैल पडतात, मज्जारज्जूकडे जाणाऱ्या संवेदनांचा गोंगाट बदलतो आणि वेदना उतरते. कट् असा आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याने होतो, आणि पुष्कळदा तो कंबरेच्या मणक्यांच्या छोट्या सांध्यांतून येतो. त्यात कालमहिमाही असतोच. दुखणं शिगेला पोहोचल्यावरच माणूस पायपीट करून उपचाराला जातो, आणि शिगेला पोहोचलेली वेदना आपणहूनही उतरणीला लागते. पायाळू माणसाच्या पायाचं यश मला तरी मुख्यतः याच खात्यावर जमा करावंसं वाटतं.

आराम पडतो, मग सिद्धांत चुकीचा असला तर बिघडलं कुठे? बरंच बिघडतं. हाड सरकलंय असं एकदा मनात बसलं की बाई स्वतःला तडा गेलेल्या मडक्यासारखी जपू लागते. बसताना एका बाजूवर बसते, चालताना अंग आवळून चालते, आणि दर पंधरवड्याला 'पुन्हा सरकलं' म्हणून हिसका घ्यायला जाते. जे स्नायू या सांध्याला आवळून धरतात ते यात दिवसेंदिवस मंदावतात. उपायच असा की गिऱ्हाईक कधी तुटत नाही. साठीच्या पुढच्या ठिसूळ हाडांच्या बाईला दिलेला हिसका तर सरळ धोक्याचा असतो.

सरकलेल्या हाडाला एक धाकटी बहीणही आहे : 'पिशवी खराब झाली.' कंबर आणि ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं, म्हणजे गर्भाशय सडलं. या तर्काचा शेवट कुठे होतो ते महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यामागे खाड्याचा दंड, मुकादमाची उचल आणि शस्त्रक्रियेचा बाजार होता, हे मला नाकारायचं नाही. पण बाजाराला माल लागतो, आणि कंबरेचं दुखणं हा त्यातला मोठा माल होता. जी बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तिची कंबर दुखायला गर्भाशयाचा दोष असावाच लागत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडेही येतात. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांच्या हंगामात कोप्या पडतात. मोळी तीच, फळी तीच, आणि दुखण्याची कारणमीमांसाही तीच चालत आलेली.

मग या सांध्याचं दुखणं नसतंच का? असतं. इथे काही आधुनिक शहाणे दुसऱ्या टोकाला जातात, तेही चुकतात. दुखण्याचा उगम या सांध्यात आहे की नाही हे हाडाची जागा चाचपून कळत नाही, पण सांध्यावर मुद्दाम ताण देऊन बऱ्यापैकी कळतं. कटीची हाडं दोन्हीकडून फाकवणं, दाबणं, मांडी उभी धरून खाली रेटणं, एक पाय पोटाशी आणि दुसरा खाटेखाली सोडणं, त्रिकास्थीवर दाब देणं अशा चाचण्या आहेत. न्यूझीलंडच्या लासलेट यांनी २००५ मध्ये दाखवलं की यांतल्या तीन किंवा जास्त चाचण्यांत नेमकं ते दुखणं जागं झालं तर संशय सबळ धरावा. एकट्या चाचणीवर भरवसा नाही. बाळंतिणीसाठी आणखी एक तपासणी आहे, तिला पैसा लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. उताणं निजून एक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलायचा. पाय शिशासारखा जड वाटतो का? मग दुसऱ्या बाईने कटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून आत दाबायचं आणि पाय पुन्हा उचलायला सांगायचं. आता तो हलका उचलला गेला तर समजावं की हाडं जागेवर आहेत, त्यांना आवळून धरणारा जोर कमी पडतो आहे.

आमचा पक्ष उभा आहे तो या आवळून धरण्यावर. सांधा नुसत्या आकारामुळे टिकत नाही. नितंबाचे मोठे स्नायू, पोटाचा आडवा स्नायू, कण्याजवळचे खोल स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचा पडदा हे सगळे मिळून त्याला दोन्हीकडून दाबतात. गरोदरपणात आणि बाळंतपणात यांची लय बिघडते. मग सांध्याभोवतीचे बंध नको तेवढा ताण सोसतात, आणि दुखतं ते तिथे. बाळंतिणीचं पोट लुगड्याच्या पट्टीने बांधायची जी पद्धत आपल्याकडे होती तिची नातेवाईक म्हणजे आजचा कटीपट्टा. तो खुब्याच्या हाडांच्या वर, कमरेच्या खाली बांधला तर चालताना आधार मिळतो. पण तो थोडे दिवस, थोडा वेळ. पट्टा हाच उपचार समजला तर स्नायू पुन्हा रजेवर जातात.

पुरावा? नॉर्वेत स्टूगे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बाळंतपणानंतर कटी दुखणाऱ्या ८१ बायकांवर वीस आठवडे अभ्यास केला. दोन्ही गटांना फिजिओथेरपी होती. पण ज्या गटाला प्रत्येकीच्या गरजेनुसार स्नायूंचे नेमके व्यायाम दिले त्यांचं दुखणं आणि अडणं स्पष्टपणे कमी झालं, आणि हा फरक दोन वर्षांनंतरही टिकला. आता माझ्याच पक्षाला अडचणीचं सांगतो. स्वीडनच्या गुटके यांनी २०१० मध्ये बायकांना घरी करायला खोल स्नायूंचे व्यायाम दिले, तेव्हा फारसा फायदा दिसला नाही. गोथेनबर्गच्या एल्डन यांच्या २००५ च्या अभ्यासात ३८६ गरोदर बायकांमध्ये व्यायाम नेहमीच्या उपचारांहून सरस ठरला, पण अॅक्युपंक्चर त्याच्याही पुढे निघालं. यातून मी काढतो तो अर्थ असा : एखादा गुप्त स्नायू शोधून तो 'चालू' करण्यात जादू नाही. नॉर्वेत खोल स्नायूंपासून सुरुवात करून मोठ्या स्नायूंना हळूहळू वाढत्या भाराने कामाला लावलं, आणि शिकवणारा माणूस सोबत होता. झेरॉक्स काढलेला व्यायामाचा कागद हातात देऊन बाईला एसटीत बसवणं हा उपचार नव्हे, आणि आपल्याकडे फिजिओथेरपीच्या नावाखाली पुष्कळदा एवढंच होतं. उरलेला वेळ शेकण्यात आणि विजेच्या झिणझिण्यांत जातो, ज्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

या दोन तालुक्यांत सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप मात्र वेगळाच आहे : दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला? तिला काय अंग हलवायला कमी आहे? हा प्रश्न सासू विचारते, नवरा विचारतो, आणि डॉक्टरही मनातल्या मनात विचारतात. उत्तर आवणीत आहे. आहुप्याच्या खोऱ्यात किंवा घाटघरच्या बाजूला भाताच्या खाचरात बाई तासन्‌तास कंबरेतून दुमडून उभी असते. पाय चिखलात रुतलेले, वळायचं ते धडाने. या कामात पाठीचे बंध लोंबकळत राहतात, नितंबाच्या मोठ्या स्नायूंना त्यांच्या पूर्ण ताकदीचं काम जवळपास मिळतच नाही. नारायणगावच्या बाजाराला जाणारी टोमॅटोची वीस किलोची क्रेट उचलताना ताकद लागते, पण ती एकदम, वळत, आणि पुन्हा पुन्हा. काम आणि व्यायाम यांत फरक मात्रेचा आहे. कामाची मात्रा मालक, पाऊस आणि बाजारभाव ठरवतात, व्यायामाची मात्रा कंबर ठरवते, आणि मध्ये विश्रांती असते. स्नायू वाढतो तो त्या विश्रांतीत, आणि कष्टकरी बाईला तीच मिळत नाही.

म्हणून 'वाकू नका, वजन उचलू नका, आराम करा' ही चिठ्ठी मला चीड आणते. ती घरात मोलकरीण असलेल्या बाईसाठी लिहिलेली असते. आवणीच्या दिवसांत ती हातात घेणारी बाई एक तर चिठ्ठी फेकून देते किंवा अपराधी मनाने राबते. त्यापेक्षा असं सांगावं : पहिले काही आठवडे क्रेट अर्धी भरा, एका पायावर उभं राहून परकर-साडी नेसू नका, बसून नेसा. पायऱ्या एकेक करून चढा, कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवा, आणि वळताना दोन्ही गुडघे एकत्र वळवा. आणि रोज, उताणं निजून गुडघे वाकवून कंबर उचलणं, ओट्याचा आधार घेऊन अर्धं बसून उठणं, भिंतीला हात लावून पाय मागे नेणं. आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यायचं, डोक्यावर हंडा घेऊन पायरी चढण्यापर्यंत. तिला जायचं तिथेच आहे.

आपल्याकडे सोसण्याचं कौतुक फार. नारायणगावच्या विठाबाईंची कथा कोण विसरेल? भर तमाशात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. सांगणाऱ्याचे डोळे दर वेळी चमकतात. त्यानंतरच्या महिन्यांत ती कंबर कशी होती, हे विचारल्याचं मी कुठे वाचलं नाही.

एवढं सगळं व्यायामाच्या बाजूने बोलून झाल्यावर त्याची हद्दही सांगायला हवी, नाहीतर माझाही एक नवा हट्ट होईल. सगळी कटीची दुखणी ताकदीची नसतात. विशी-तिशीतल्या पोराची किंवा पोरीची कंबर पहाटे दुखून जाग येत असेल, सकाळी अर्धा-पाऊण तास ताठर राहत असेल आणि चालल्यावर मोकळी होत असेल, तर तो या सांध्यांचा दाह असू शकतो. त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात आणि त्याच्यावर औषधं आहेत. संध्याकाळचा ताप आणि घटणारं वजन असेल तर क्षय तपासावा. तो या सांध्यातही घर करतो. गुराढोरांच्या मुलखात आणखी एक नाव लक्षात ठेवावं : ब्रुसेलोसिस. गाय गाभडली की वार उघड्या हाताने काढतात, दूध न उकळताही पितात. या जंतूला सॅक्रोइलिअॅक सांधा फार आवडतो. वासरांना त्याची लस देण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारने २०१९ पासून हाती घेतला आहे, पण कंबर धरलेल्या गवळणीला 'गाय गाभडली होती का?' असं विचारणारा क्वचितच भेटतो. अशा सांध्याला हिसका देणं किंवा महिनोन्‌महिने शेकत बसणं म्हणजे रोगाला मुदतवाढ.

हाड बसवणाऱ्यांचं काय करायचं, असं मला विचारतात. त्यांचा तेलाचा हात राहू द्यावा. लोकांचा विश्वास त्या हातावर आहे आणि चोळण्याने स्नायूला सैलपणा येतो. हिसका आणि 'सरकलं' हे निदान तेवढं सोडायला लावावं. हे काम कायद्याने होणारं नाही. गावात दुसरं कोणी नीट सांगणारं असेल तर होईल.

ते कोण सांगेल? घरी येणारं माणूस सरकारने आधीच नेमलेलं आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला येतेच. बाळाचं वजन करून झालं की आईला उताणं निजवून एकेक पाय वीतभर उचलायला सांगायचं, यात दोन मिनिटं जातात. पाय जड लागला तर घोडेगाव, जुन्नर किंवा नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसवावा आणि तिला त्या दिवसाचीच चिठ्ठी द्यावी. आशांच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग आहे, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून हे काम फुकट सांगू नये, बाळाच्या भेटींसारखाच त्याचाही मोबदला ठरवावा. बेचाळिसाव्या दिवसानंतरही पाय जड असेल तर पुढच्या भेटी आईच्या नावाने धराव्यात. आज त्या भेटींचे रकाने बाळाच्याच नावाचे आहेत.